उसना कोट

आमच्या नागरवाड्याला १९८२ साली परदेशाचे अप्रूप राहिले नव्हते. मुले शिकायला अमेरिकेला जात होती. शेजारच्या गुजराती काकांचे अर्धे कुटुंब तर कंपाल्यात होते आणि १९७२ मध्ये इदी अमीनने हाकलल्यावर लेस्टरला जाऊन नव्याने उभे राहिले होते. पण ऑपरेशन करून घेण्यासाठी कुणी विलायतेला निघाल्याचे आमच्या गल्लीने पाहिले नव्हते. तो मान बाबांकडे आला.

बडोद्याला तसे हेही नवे नाही म्हणा. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले ते प्रकृतीच्याच कारणाने. पण महाराजांची गोष्ट वेगळी. आमचे बाबा एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते आणि सुरसागरला एक फेरी मारली तरी दोनदा थांबून, छातीवर हात ठेवून, दुकानाची पाटी वाचल्याचे नाटक करीत होते.

मुंबईत अँजिओग्राफी झाली. तीन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या. बाबांचे म्हणणे होते की मद्रासला जाऊ. पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात १९७५ पासून बायपास होत होती आणि वेल्लोरचे नाव तर १९६१ पासून हृदयाच्या ऑपरेशनांसाठी घेतले जात होते. पण माझा मावसभाऊ लंडनला डॉक्टर होता. त्याने लिहिले, ‘काका, इथे सर्जन माझ्या ओळखीचा, घर माझे, बोलायला मराठी माणूस. मद्रासला तुमचे कोण आहे?’ या शेवटच्या प्रश्नाने निकाल लागला. कंपनीने थोडी मदत केली, प्रॉव्हिडंट फंडातून उचल झाली, उरलेले आईच्या पाटल्यांनी भागवले. तिकीट मात्र एकाचेच निघेल एवढे जमले. आई इथेच राहणार हे कुणी ठरवले असे मला आठवत नाही. ते आपोआप ठरले, आणि त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेले नाही.

त्याच ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग याच ऑपरेशनसाठी टेक्सासला गेले होते. त्यामुळे ओटल्यावर बाबांचा भाव एकदम वाढला. ‘राष्ट्रपती जेवुं ज ऑपरेशन!’ असे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवीत. पायातली शीर काढून ती हृदयावर जोडतात, क्लीव्हलंडच्या फावालोरो नावाच्या डॉक्टराने १९६७ मध्ये ही वाट रुळवली, असे मी वाचून सांगितले तेव्हा काकी काळजीने म्हणाल्या, ‘तो पछी पगनुं शुं?’ बाबा इतके हसले की त्यांना जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी लागली.

कागदपत्रांची कथा सांगत बसत नाही. अहमदाबादचे पासपोर्ट कार्यालय, परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी, एका बँकेतल्या एका गृहस्थांनी तीनदा परत पाठवलेला अर्ज. त्या पिढीतल्या ज्यांनी हे केले आहे त्यांना सांगायला नको. इंग्लंडला जायला भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नसे, ती अट १९८६ मध्ये आली. पण विमानतळावरच्या साहेबाने अडवले तर दाखवायला इस्पितळाचे पत्र, मावसभावाचे पत्र, पैशाचा दाखला, असा गठ्ठा बाबांनी क्रमवार लावून वर अनुक्रमणिका चिकटवली. हिशेबनीस माणूस!

खरी तयारी घरात चालली होती. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर झाली. फराळाचे डबे रिकामे झाले आणि त्यांच्या जागी माजघरात व्हीआयपीची नवी बॅग उघडी पडली. वजनाची मर्यादा वीस किलोची. बॅग भरायची, मी ती सायकलच्या कॅरिअरवर ठेवून नाक्यावरच्या दाण्याच्या दुकानात न्यायची, शेठने ती गव्हाच्या काट्यावर चढवायची आणि ‘अढी किलो वधारे’ असे जाहीर करायचे, असे तीनदा झाले. दर वेळी आई मेतकुटाची बाटली काढायची, आणि बॅग घरी आली की ती पुन्हा आत असायची. मावसवहिनीने लिहिले होते की वेम्ब्लीत सगळे मिळते, गोडा मसालासुद्धा आणू नका. आईचा वेम्ब्लीवर विश्वास नव्हता. गरुडेश्वरचा अंगारा मात्र तिने बॅगेत ठेवला नाही. तो पुडीत बांधून बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात शिवून टाकला.

हा कोट काकांचा. बडोद्यात ओव्हरकोट कुणाकडे असणार? काका भावाकडे लेस्टरला जाऊन आले होते, तेव्हाचा तो काळा, जाड, डांबरगोळ्यांच्या वासाचा कोट त्यांनी स्वतः आणून दिला. बाबा संकोचले. भाड्याची, निदान ड्रायक्लीनिंगची गोष्ट काढू लागले, तेव्हा काका उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘कोट पाछो आपवा तमे पोते आवजो. छोकराने ना मोकलता.’ आणि बाबांकडे न बघता जिना उतरून गेले. खोलीत कुणी बोलेना. मग बाबा म्हणाले, ‘बाह्या जरा लांब आहेत.’

आमच्याकडे ऑपरेशन म्हटले की नातेवाइकांची पहिली धावपळ रक्तासाठी. गल्लीतली पाच-सहा मुले तयार होती. तिकडे रक्त स्वेच्छेने दिलेले असते, पेशंटच्या माणसांकडे मागत नाहीत, असे पत्र आले तेव्हा मुलांचा अगदी हिरमोड झाला. रक्त काही बॅगेत भरता येत नाही. मग त्यांतल्या एकाने स्टेशनवर बॅग मीच उचलणार असे ठरवून टाकले.

सल्ल्यांचा तर पूर होता. पण एकच सल्ला खऱ्या कामाचा निघाला, तो सयाजी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, सलाटवाड्यात राहणाऱ्या एका नर्सबाईंचा. त्या म्हणाल्या, ‘छातीचे हाड मधोमध कापतात. पुढे सहा आठवडे हात वर करवत नाहीत. डोक्यातून घालायचे कपडे देऊ नका, पुढून उघडणारे द्या.’ शर्ट होते, पण थंडीत आतून घालायच्या बंड्यांचे काय? आईने बाबांच्या सहा बंड्या घेतल्या, पुढून उभ्या कापल्या, कडा दुमडल्या आणि प्रत्येकीला चार-चार बंद लावले. गाठ जिवावर येऊ नये म्हणून जुन्या मलमलीचे, मऊ. मशीन असून तिने हे सगळे हाताने शिवले, चार रात्री. तयार झाल्यावर ओळीने घड्या मांडल्या तेव्हा माझ्या बहिणीने जीभ चावायच्या आत म्हणून टाकले, ‘अगं, हा तर बाळंतविडा दिसतोय!’ खरेच, मोठ्या मापाची झबलीच ती. आई हसली नाही आणि रागावलीही नाही. एकेक घडी उचलून तिने बॅगेत सगळ्यांत वर ठेवली.

निघण्याच्या आदल्या रात्री बाबांनी मला देवघरापाशी बोलावले. फडताळात पंचांगाखाली एक खाकी पाकीट होते. ‘यात सगळे लिहिले आहे. गरज पडली तरच उघड. आणि हे बघ, तुझ्या आईला सांगू नकोस.’ एवढेच. मी चोवीस वर्षांचा होतो, मान हलवली. ज्या माणसाच्या बॅगेची आम्ही पंधरा दिवस उलथापालथ करीत होतो, त्याने आपली दुसरी बांधाबांध केव्हा केली ते आम्हाला कळलेही नव्हते.

रात्री गुजरात मेलला अर्धी गल्ली आली होती. बाबांच्या हातात अँजिओग्राफीच्या फिल्मचा गोल पत्र्याचा डबा. तेव्हा ती सिनेमासारखी पस्तीस मिलिमीटरच्या रिळावर उतरवीत. बाबांनी तो डबा बॅगेत ठेवू दिला नाही आणि मांडीवरून खालीही ठेवला नाही. आई खिडकीशी उभी होती. गाडी हलताना ती म्हणाली, ‘बंद डावीकडे बांधा, उजवीकडे टाके येतील.’ टाके मधोमध येणार हे तिला पक्के ठाऊक होते. काहीतरी बोलायचे म्हणून बोलली. सहारला मी त्यांना आत जाताना पाहिले. पाठमोरे, त्या लांब बाह्यांच्या कोटात ते कुणी दुसरेच गृहस्थ वाटले.

ऑपरेशनच्या दिवशी आई रोजच्यासारखी खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन आली, निवडली, आणि रांधली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. ती इंग्रजी तार काकांनी गुजरातीत मोठ्याने वाचली, मी मराठीत सांगितली, आणि तरीही आईने ती हातात घेऊन स्वतः बघितली. तिला इंग्रजी येत नव्हते.

बाबा जानेवारीत परतले, वाळलेले पण सरळ चालणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट हातावर घेऊन ते स्वतः काकांकडे गेले. तासभर दोघे आत काय बोलले माहीत नाही. पाकिटाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते तिथेच राहिले. फक्त दरवर्षी वरचे पंचांग बदलत गेले.

आता लोंढा उलटा आला आहे. लेस्टरच्या त्याच कुटुंबातली नातवंडे डिसेंबरात येतात, ती लग्ने आणि दातांची कामे एकाच फेरीत उरकून जातात. बायपास तर बडोद्यातच होते, शेजारणीला डबा पोचवायला सांगून माणसे दाखल होतात. असो.

बाबा १९९७ मध्ये गेले, त्या शिरांनी चौदा वर्षे इमानाने काढल्यानंतर. तेरावा झाल्यावर मी ते पाकीट काढले. आत दोन फुलस्केप कागद, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. विम्याचे हप्ते, दूधवाल्याची बाकी, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, पाटल्या पुन्हा करून देण्यासाठी दरमहा किती बाजूला टाकायचे ते. अठरा बाबी. शेवटची अशी: ‘शेजारचा कोट सामानाबरोबर परत येईल. ड्रायक्लीन करून, खिशातला अंगारा काढून घेऊन द्यावा. न आल्यास किंमत विचारावी. ते सांगणार नाहीत. तरी द्यावी.’

कागद परत घालताना पाकिटाच्या तोंडाकडे लक्ष गेले. बाबा ऑफिसचा गोंद वापरीत, त्याची पिवळी, काचेसारखी रेघ कडेला दिसत होती. तिच्यावर दुसरा थर होता, पांढरट, सुरकुतलेला, पापुद्रा सुटणारा. भाताची खळ. आमच्या घरात खळीने पाकिटे चिकटवणारी एकच व्यक्ती होती.

आई ओट्याशी लसूण सोलत होती. मी पाकीट तिच्यासमोर धरले. म्हटले, ‘आई, तू हे केव्हा उघडलेस?’

तिने एकदा पाकिटाकडे पाहिले आणि पुढची पाकळी हातात घेतली.

‘गोंद संपला होता,’ ती म्हणाली.