गावचंच पोरगं आहे

आमच्या वडूजमध्ये कुठलाही कार्यक्रम ठरला की बैठकीत एक वाक्य हमखास येतं. ‘तबल्याला बाहेरनं माणूस कशाला? आपलं गावचंच पोरगं आहे की.’ वाक्य कौतुकाच्या सुरात असतं आणि त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की त्याला काही द्यायचं नाही. उत्सव समितीचा खजिनदार म्हणून बरीच वर्षं हे वाक्य सगळ्यांत ठासून मीच म्हणत आलो. आता ते दुसरं कुणी म्हणालं की मी वही उघडून बसतो आणि ‘किती धरायचे ते बोला’ म्हणतो. ‘नानांना म्हातारपणी युनियनचं वारं लागलं’ असं पाठीमागं बोललं जातं, तेही कानावर आहे.

जुनं मत कंजूषपणातून आलेलं नव्हतं, हे आधी सांगतो. मी स्वतः भजनात पेटी वाजवतो. वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकलो आणि आजवर एकादशीच्या भजनाला कुणाकडून रुपया घेतला नाही. गाणं-वाजवणं ही सेवा, पैसा शिरला की तिचा ठेका होतो, ही समजूत घरातूनच आली होती. नव्या पोरांना आम्ही ‘व्यासपीठ’ देतो, चार लोक ऐकतात, नाव होतं, यापेक्षा जास्त काय द्यायचं असतं, असं मनापासून वाटायचं. कुणी वाद घातलाच तर माझ्याकडे हुकमी दाखला होता. तो औंधचा.

औंध आमच्या खटाव तालुक्यातलंच, वडूजपासून वीसेक किलोमीटरवर. ग्वाल्हेर घराण्याचे अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तिथल्या दत्त मंदिरात संगीताचा उत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो चालवला आणि गजाननबुवा १९८७ साली गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी आणि शिष्यांनी तो उचलून धरला. आश्विनात, दिवाळीच्या आधी, सत्रामागून सत्र चालतं. ज्या गवयांच्या तिकिटासाठी पुण्या-मुंबईत रांग लागते त्यांना इथं सतरंजीवर मांडी घालून, एक पैसा न देता ऐकायला मिळतं. शेजारी बसलेला माणूस नुकताच रानातून पाणी पाजून आलेला असतो आणि तो समेवर बरोबर मान हलवतो. मी तरुणपणापासून एसटीनं जायचो. ‘बघा,’ मी समितीत म्हणायचो, ‘औंधला कोण पैशासाठी गातं? आणि आमच्या पोरांना लगेच पाकीट पाहिजे!’

दाखला बिनतोड होता. तो माझ्या हातून कुणी हिसकावून घेतला नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि त्याच्याच शिवणी हळूहळू उसवत गेल्या.

अंतुबुवा फकीर नव्हते. ते औंध दरबारचे गायक होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा स्वतः चित्रं काढणारा, कीर्तन करणारा राजा. त्याच्या पदरी कलावंताची चूल पेटती राहायची. गजाननबुवांनी तर ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतली, व्हायोलिनवर नाव काढलं, आणि उमेदीची कितीतरी वर्षं आकाशवाणीच्या नोकरीत घालवली. उल्हास कशाळकरांसारखे शिष्यही त्यांनी घडवले. म्हणजे औंधला मी जे फुकट ऐकत होतो त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली होती. पहिल्यांदा संस्थानानं मोजली, मग रेडिओनं, मग शिष्यांच्या शिकवण्यांनी आणि देणगीदारांनी. गुरूच्या चरणी एक दिवस सेवा द्यायची तर उरलेल्या दिवसांची भाकरी कुठून तरी यावी लागते. औंधची बेरीज मी अर्धीच मांडत होतो.

मग इतरही दाखले तपासावेसे वाटले. ते सगळे जवळच सापडले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, पण त्यांच्या नावातच ज्या गावाचा आधार आहे त्या संस्थानानं त्यांना थारा दिला म्हणून. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानं शिकले आणि १८९६ साली तो आश्रय सोडून बाहेर पडले. पुढं काय केलं? तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथं फी लावली. रामनामात रमणारा तो माणूस, पण गवयाला समाजात ताठ बसवायचं तर त्याचा दाम उघड ठरला पाहिजे हे त्याला पक्कं कळलं होतं. आणि दुसऱ्या टोकाला पठ्ठे बापूराव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कुलकर्णी. जात, घर, सगळं सोडून तमाशात गेले, त्यांच्या लावण्यांवर कितीतरी फड जगले, आणि १९४५ साली ते पुण्यात कंगाल अवस्थेत वारले. त्यांच्या व्यासपीठाला काय कमी होतं?

पण पुस्तकानं मत हलतं, फिरत नाही. फिरवलं ते आमच्याच वहीनं आणि एका घरानं.

आमच्या तबल्याच्या पोराच्या घरी एकदा तारीख सांगायला गेलो होतो. तो कुठं शिकवणीला गेला होता, आईनं बसायला सांगितलं. कपाटावर सन्मानचिन्हं दाटीवाटीनं रचलेली, काही आमच्याच समितीची, मागच्या वर्षाच्या चिन्हावर नाव चुकलेलं. कोपऱ्यात तबला-डग्गा, आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून गुंडाळलेल्या शाली. सत्काराच्या. एकीची जर उसवलेली होती. डग्ग्याची पुडी फाटून तिला बाजूनं चिकटपट्टी लावली होती. पुडी बदलायची म्हणजे हजाराच्या घरात खर्च, वर मिरजेला किंवा कराडला नेऊन टाकायची, परत आणायला जायचं. माऊलीनं चहा दिला आणि अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता म्हणाली, ‘पोरगं रात्री बाराला येतंय. म्या इचारते, काय दिलं रं? तर म्हणतंय, नारळ. आमच्यात खोबऱ्याची चटणी काय संपंना बगा.’

मी हसलो. घरी येऊन वही काढली. मांडव, लाइट, साउंड, फेटे, शाली, सन्मानचिन्हं, पाहुण्यांचा जेवणखर्च, बाहेरून आणलेल्या ऑर्केस्ट्राची सुपारी. ऑर्केस्ट्राच्या आकड्यापुढं माझीच टिकेची खूण. पाहुण्यांच्या गळ्यातल्या हारांचा वेगळा आकडा होता. कार्यक्रमात तीन तास ज्यानं हात चालवला त्याच्यासाठी वहीत ओळच नव्हती. पैसे नव्हते म्हणून द्यायचे राहिले असं म्हणायची सोय नव्हती. आमच्या भागातली गलाईची माणसं देशभर सोन्या-चांदीच्या कामाला पांगलेली आहेत, यात्रेला परत येतात तेव्हा सढळ हातानं वर्गणी देतात. शिल्लक दरसाल पुढं ओढली जात होती, आणि ओढणारा मी.

तबल्याचं एकवेळ पटकन गळी उतरतं, कारण तबला म्हटलं की लोकांना ‘कला’ दिसते. हलगीचं प्रकरण जास्त खोलात गेलं. हलगी, घुमकं आणि कैताळ यांच्याशिवाय आमच्याकडं मिरवणूक हलत नाही, पैलवान मैदानात उतरत नाही. वाजवण्याआधी पोरं पालापाचोळा पेटवून त्या जाळावर हलगी फिरवतात, अंगठ्यानं टिचकी मारून आवाज बघतात, पुन्हा फिरवतात. कातडं ताणलं की मग एका हातात आखूड काठी, दुसऱ्या हातात लवचिक बारीक काडी, आणि जो कडकडाट सुटतो त्यापुढं डॉल्बीची भिंत नुसती फुगलेली वाटते. हे वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या मातंग आणि होलार समाजाकडं होतं. ‘त्यांचा तो मान आहे’ असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो. त्या मानामागं बलुतं होतं, सुगीत पायली-दोन पायली धान्य होतं, आणि तेही दारात उभं राहून मागून घ्यायचं. धान्य कधीच बंद झालं. बोलावणं मात्र तसंच चालू राहिलं, नारळ आणि टॉवेलावर. एका हलगीवाल्याच्या पोरानं, बारावी झालेल्या, मला तोंडावर सांगितलं, ‘नाना, डॉल्बीवाल्याला तुम्ही आधी पैसे देता. आम्हाला शेवटी खांद्यावर हात ठेवता.’ त्याला उत्तर द्यायला औंधचा दाखला मी काढला नाही. काढता आला नसता.

सरकारचं बघावं म्हटलं तर तिथंही क्रम उलटाच. वृद्ध कलावंतांचं मानधन, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं जी योजना आहे ती, दरमहा ५,००० रुपये देते. चांगलं आहे, आमच्या तालुक्यातल्या भजनी आणि शाहिरी म्हाताऱ्यांना तिचा आधार आहे. पण ती वयाच्या पन्नाशीनंतर. विशीतल्या पोरानं मधली तीस वर्षं कशावर काढायची? ते पुण्याला जातं, दुकानात किंवा कंपनीत लागतं, आणि तबला बहिणीच्या लग्नापर्यंत माळ्यावर जातो. मग आम्हीच भाषणात म्हणतो, नवी पिढी कलेकडं वळत नाही.

माझा शेवटचा बुरूज होता शिस्तीचा. पैसे दिले की पोरं बिघडतील, रियाज सोडून दर ठरवत बसतील. पैसे द्यायला लागलो तर झालं उलटं, आणि त्यात आमचाच फायदा निघाला. फुकटात आलेल्या पोराला ‘उशीर का केलास’ असं विचारायची सोय नसते. आता सरावाची वेळ ठरते, तबला गायिकेच्या सुराला आधीच लावून ठेवलेला असतो, आणि निवेदकानं भाषण लांबवलं तर वादक माझ्याकडं बघून घड्याळ दाखवतो. बिघडला असेल तर निवेदक.

तरीही सगळंच नव्या बाजूला झुकलोय असं नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबर आठ जण धारातीर्थी पडले. त्या दिवसाच्या स्मरणाच्या कार्यक्रमात पोवाडा गाणाऱ्यानं पैसे घेऊ नयेत असं मला आजही वाटतं. एका तरुण शाहिराशी यावरून वाजलंही. त्याचं म्हणणं, ‘नाना, त्या दिवशी साउंडवाला बिल देतो का नाही?’ देतो. मग आम्ही दोघांनी मिळून साउंडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, डिझेलचे तेवढे द्या. शाहीर फुकट गायला, साउंडवाल्यानं डिझेलचे घेतले, मी अजून माझ्या मतावर आहे आणि शाहीर त्याच्या. भजनाच्या पेटीचंही तसंच. ती माझी सेवा, मला पेन्शन आहे. माझ्या शेजारी पखवाज धरणाऱ्या पोराला पेन्शन नाही, हे मात्र आता माझ्या ध्यानात असतं, आणि एकादशीला त्याच्या गाडीत पेट्रोल कुणी टाकायचं ते भजनाआधीच ठरतं.

वहीत आता ‘स्थानिक कलाकार’ अशी ओळ मांडवाच्या वर आहे. मुद्दाम वर, कारण काटछाट नेहमी खालून सुरू होते. सन्मानचिन्हं बंद केली. त्यावर दोन जुने सभासद रुसले, त्यांना वाटपाचा मान असायचा. ऑर्केस्ट्रा अजून येतो, तो बंद करायची हिंमत मला नाही आणि खरं सांगायचं तर गावाला तो आवडतो. पैसे कार्यक्रमाच्या रात्रीच मिळतात, बंद पाकिटात न घालता मोजून, आणि पावतीवर सही होते. सही घेण्यावरून सुरुवातीला पोरंच बिचकली. आपण काही विकलं की काय असं त्यांनाही वाटलं असावं, कारण ‘गावचंच पोरगं’ हे वाक्य त्यांनीही लहानपणापासून ऐकलेलंच.

यंदा मिरवणुकीसाठी हलगीवाल्या पोरांनी जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्या हातातला पेन थांबला. सवयीनं मी घासाघीस केली, हजारभर कमी करा म्हणालो. ते तिघं एकमेकांकडं बघून गप्प बसले, कमी काही केलं नाही, आणि मी लिहून टाकलं. जाताना त्यांच्यातला थोरला म्हणाला, ऐन लग्नसराईत आम्हाला विटा, दहिवडी, म्हसवडपर्यंत बोलावणी असतात, तेव्हा पुढच्या सालापासून तारीख पक्की करायची तर निम्मा इसार आधी लागेल. इसार द्यायचा की नाही यावर समितीत दोन तट पडलेत. अध्यक्ष म्हणतात, गावच्याच पोरांना इसार कसला. बैठक पुढच्या रविवारी आहे.