वयाच्या माथी मारलेले दुखणे

"डॉक्टर, आता वयच झालं. जिना चढवत नाही," असे अडुसष्ट वर्षांच्या काकू म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या व त्यांना निरोप दिला. पापण्यांवरची जांभळट छटा मला दिसली होती. ती मी जागरणाच्या खाती टाकली.

दोन महिन्यांनी सून सोबत आली. "आईंना वेणी घालता येत नाही. हात डोक्यापर्यंत जातच नाहीत. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागतो," तिने सांगितले. त्या दिवशी मी काकूंना प्रथमच नीट तपासले. मुठीत जोर होता. दंडांत आणि मांड्यांत नव्हता. बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे होते. भिंगातून पाहिले तर नखांच्या मुळाशी फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या तांबड्या रेघा दिसल्या. रक्तातील सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात उतरणारे विकर, कितीतरी पटींनी वाढले होते. संधिवाततज्ज्ञांनी निदान केले: डर्मॅटोमायोसायटिस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. स्नायूंतील केशवाहिन्यांना इजा होते, काही नष्ट होतात; रक्तपुरवठा घटतो आणि स्नायूंचे तंतू रोडावतात. नखांच्या मुळाशी दिसल्या त्या याच बिघाडाच्या खुणा होत्या.

स्टेरॉइड व प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे सुरू झाली. प्रौढांमध्ये हा आजार कधी कधी लपलेल्या कर्करोगाची चाहूल असतो, शिवाय फुफ्फुसांनाही बाधा होऊ शकते. म्हणून त्या तपासण्या झाल्या. सुदैवाने दोन्ही निर्दोष निघाल्या.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: उठणे, जिना चढणे, केस विंचरणे ही कामे काही आठवड्यांतच जड होऊ लागली, तर त्यास वय म्हणू नका. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखावतात, तेव्हा चालू औषधे डॉक्टरांना दाखवा. गिळताना ठसका लागत असेल वा धाप लागत असेल, तर थांबू नका. आणि स्टेरॉइड मनाने कधीही बंद करू नका.

आठ महिन्यांनी काकू स्वतः वेणी घालून आल्या. जिन्यावर कठड्याचा आधार अजून लागतो. जाताना हसून म्हणाल्या, "डॉक्टर, वय तर उलट वाढलंय हो!"

मला त्या हसण्यात सामील होता आले नाही. ते दोन महिने माझ्यामुळे वाया गेले होते.