सुटे भाग

शंभर सीसीच्या जपानी गाड्या जोडनावांनी आल्या. टीव्हीएसची इंड-सुझुकी १९८४ मध्ये. हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० पुढच्या वर्षी. कावासाकी बजाजची केबी १०० आणखी एका वर्षानं. सुझुकी आणि टीव्हीएस २००१ साली वेगळे झाले. यामाहा आणि एस्कॉर्ट्सही त्याच साली. हिरो आणि होंडा यांची फारकत २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाली. बजाज आणि कावासाकी २०१७ पर्यंत टिकले.

आरएक्सचा पहिला माल जपानहून सुट्या भागांच्या पेट्यांतून आला आणि इथे जोडला गेला. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, चार गिअर, पुढेमागे ड्रम ब्रेक. वजन शंभर किलोच्या आसपास. रंग काळा, मोरपंखी निळा किंवा चेरी लाल. १९९६ मध्ये धुराचे नवे निकष लागू झाले. त्याच वर्षी गाडी बंद झाली.

लग्नानंतर, नाहीतर पहिलं मूल झाल्यावर विकलेली आरएक्स पन्नाशीत पुन्हा घेणारे कोल्हापुरात भेटतात. स्वतःची विकलेली गाडी सहसा सापडत नाही. जुना नंबर संगणकात घातला तर काही येत नाही. तेव्हाची आरटीओची रजिस्टरं हातानं लिहिलेली होती, त्यातली सगळी संगणकावर चढली नाहीत. मग दुसऱ्या कुणाची तरी घेतात.

राधानगरी रस्त्याला एका गोठ्यात अशी एक गाडी होती. १९९१ ची, मूळची काळी. टाकीवर कडब्याची धूळ. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. इंजिन पकडलेलं, किक जागची हलत नव्हती. उजव्या बाजूचं झाकण नव्हतं. सीटखाली टूलकिटचा रेक्झिनचा बटवा होता. त्यात प्लगपाना तेवढा राहिला होता.

आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली चालही ५० मिलिमीटर. ब्लॉक झिजला की बोअर पाव मिलिमीटरनं वाढवतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. पाव, अर्धा, पाऊण, एक. एकच्या पुढचा पिस्टन येत नाही. मग आतली स्लीव्ह काढून नवी ठोकतात. गोठ्यातल्या गाडीत एकचा पिस्टन निघाला. म्हणजे बहुधा चार वेळा कुणीतरी हा ब्लॉक उतरवून लेथवाल्याकडे नेला होता, आणि चारही वेळा त्यानंतरचे काही आठवडे गाडी दमानं चालवली होती. नोंदणीपुस्तकात यातलं काही नसतं. आता नवी स्लीव्ह बसली आहे. तिच्यात चार बोअर शिल्लक आहेत.

शिवाजी उद्यमनगरात पूर्वी हे काम कुठेही व्हायचं. गॅरेजमधला पोरगा ब्लॉक गोणपाटात गुंडाळून सायकलला लावून आणायचा. मेस्त्री आत बोट फिरवायचे, ओरखडा नखानं चाचपायचे, माप त्यानंतर घ्यायचे. सिलिंडर अंडाकृती झिजला आहे हे बोटाला आधी कळतं. आता तिथल्या शेडमध्ये सीएनसी यंत्रं आहेत. ती एका मापाचे हजारो भाग काढतात. एकच ब्लॉक घेऊन आलेल्या माणसासाठी ती थांबवणं परवडत नाही. एक वयस्कर मेस्त्री अजून घेतात. कारखान्याची ऑर्डर नसेल त्या दिवशी.

प्लॅटिनम पॉइंट लावणं हे कानाचं आणि बोटांचं काम होतं. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या फटीत धरायचा आणि मॅग्नेट हातानं हळूहळू फिरवायचा. कागद सैल होऊन सुटला की तिथे ठिणगी. मग स्क्रू आवळायचा, पुन्हा फिरवायचं, पुन्हा कागद. फार थोड्यांना ते पहिल्या फेरीत साधायचं. आता पॉइंट काढून सीडीआय बसवतात. तो लावावा लागत नाही.

प्लग काढून त्याचा रंग बघायचे. तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल नाहीतर ऑइल जास्त जातंय. तो रंग बघून कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे की तिकडे ते ठरायचं. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पोरं आता वायर जोडून पडद्यावर दोष वाचतात. त्यांचं काम नेमकं असतं. या गाडीला ती वायर लागत नाही.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. पेट्रोल कॉकचा वॉशर नवा घातला होता, पुन्हा बदलावा लागला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवतात. पूर्वी कुणी करत नव्हतं.

आरएक्सला पेट्रोलचा काटा नाही. टाकीचं झाकण उघडायचं, गाडी दोन्ही मांड्यांत धरून हलवायची आणि आतला आवाज ऐकायचा. चालत्या गाडीत इंजिन दम तोडायला लागलं की डावा हात टाकीखाली जायचा आणि न बघता कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. ज्यांनी पुन्हा गाडी घेतली आहे त्यांचा हात अजून बरोबर तिथेच जातो.

पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलचं हाताच्या दांड्याचं यंत्र असायचं. मापातलं ऑइल टाकीत ओतायचे, वरून पेट्रोल सोडायचे. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी होती आणि ऑइलचा पंप थ्रॉटलला जोडलेला होता. पण बरेच जण तो बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. पंप कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणायचे. या गाडीचाही पंप कुणीतरी बंद केलेला होता. तो सुरू केला आहे. यंत्रं पंपावरून गेली. ऑइल आता बाटलीतून आणावं लागतं.

आरएक्सचं फायरिंग लांबून ओळखू यायचं. तेव्हा गल्लीत दोन आरएक्स असल्या तरी कुणाची कुठली ते घरात कळायचं. गाडी कोपऱ्यावर वळली की तव्यावर भाकरी पडायची. आता आवाज ऐकून लोक खिडकीत येतात. गाडी कुणाची ते बघायला. फोन काढतात.

डाव्या बाजूला साडीगार्ड होतं, क्रोमच्या सळ्यांचं. खाली आडवी पायपट्टी. बायका एका बाजूला बसायच्या, एक हात सीटखालच्या दांड्याला आणि दुसऱ्या हातात पिशवी नाहीतर मूल. तरुण पोरं गार्ड काढून टाकायची आणि लग्न ठरलं की पुन्हा लावायची. या गाडीचं गार्ड गोठ्याच्या भिंतीला, खिळ्याला टांगलेलं मिळालं. पायपट्टीचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं. क्रोम पुन्हा करून घेतलं. रबर तसंच ठेवलं.

हेडलाइटचं बटण नव्या गाड्यांना नसतं. एप्रिल २०१७ पासून बनलेल्या गाडीचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. या गाडीला बटण आहे. दिवसा चौकाचौकात लोक दिवा लावायला खुणावतात.

पुण्याच्या नाना पेठेत आरएक्सचे सुटे भाग अजून मिळतात. पिस्टन, क्लचप्लेट, केबल, इंडिकेटर, सीट कव्हर. त्यातलं बरंचसं लोकल. पाकीट हुबेहूब असतं, धातू हलका. मेड इन जपान उमटवलेला भाग ज्याच्याकडे आहे तो विकत नाही. उजवं झाकण मिळालं ते चेरी लाल होतं, रंगवून घेतलं. आतली बाजू अजून लाल आहे.

टाकीवरचे पट्टे पेंटर पट्टी न लावता हातानं ओढायचे, श्वास धरून. नंबरप्लेटही तेच रंगवायचे, बहुतेकदा मराठी आकड्यांत. कोल्हापूरचा ०९ काढताना शून्याचा काठ जाड आणि नवाच्या शेपटीला फटकारा. खाली बारीक अक्षरांत पेंटरचं नाव. आता नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांना एकाच साच्यातली उठावाच्या अक्षरांची प्लेट लागते, आणि तिच्यावर लेझरनं कोरलेला क्रमांक असतो. जुनी प्लेट काढून फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. पट्टे स्टिकरचे लावले.

खाजगी दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. या गाडीची २००६ मध्ये संपली होती, आणि तेव्हा ती कुणी वाढवली नव्हती. आता दंड भरला, पर्यावरण कर भरला, आरटीओच्या आवारात तपासणी झाली. निरीक्षकानं चासी नंबरावर खडू घासून तो वाचला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज ठरू शकते आणि तिला वेगळा नंबर मिळतो. ही गाडी २०४१ मध्ये तिथे पोहोचेल. आताचं नूतनीकरण पाच वर्षांचं आहे.