त्यांच्या पश्चात

संग्रामपूर, जि. बुलढाणा
डिसेंबर २०२५

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालास, पेपरात निधनाची बातमी द्यायला आबांची माहिती पाठव, तीन ओळींत बसेल एवढी. तो मजकूर लिहून तुझ्या वडिलांकडे दिला आहे. वय ९१, व्यवसाय शिलाईकाम, त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा आप्तपरिवार. त्यात खोटे काहीच नाही. पण रात्री तो कागद पुन्हा वाचला आणि मन भरून आले. मागे राहिलेल्यांची मोजदाद त्यात आहे, आणि एवढी माणसे ज्याने उभी केली त्याने ती कशी उभी केली याचे एक अक्षर नाही. तू पुण्यात वाढलास. उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचास तेव्हा तुला ओट्यावर चष्मा पुसत बसलेले आबा दिसायचे. त्याआधीची साठ-सत्तर वर्षे तुला कोणी सांगितली नसतील, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

बाबा, म्हणजे तुझे आबा, १९३४ चे. तेव्हा आपले गाव मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते. मग १९५० ला मध्य प्रदेशात गेले, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आले. राजधानी नागपूरची मुंबई झाली, जळगाव जामोदला तालुक्याच्या कामासाठी मारावे लागणारे हेलपाटे संग्रामपूरच तालुका झाल्यावर थांबले, अलीकडे नगरपंचायत आली. बाबांचे घर मात्र त्याच गल्लीत, त्याच दाराचे.

त्यांचे वडील ते पंधरा वर्षांचे असताना गेले. घरात आई, दोन बहिणी, एक धाकटा भाऊ आणि पूर्णेकडच्या अंगाला दोन एकर वावर. शाळा सुटली. मामाने त्यांना खामगावला एका शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवले. पहिले वर्षभर फक्त काज-बटण आणि तुरपाई. रात्री दुकानातच कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून झोपायचे. खामगाव म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि जिनिंगचा आवाज दिवसरात्र चाले. त्या गावात बाबांना एक गोष्ट कळली ती ते आयुष्यभर बोलत राहिले. आपल्या वावरातला कापूस इथून मुंबईच्या गिरणीत जातो आणि पॉपलीन, मांजरपाट होऊन परत आपल्याच गावात येतो. पिकवणाऱ्याला मोजून दाम मिळतो आणि तोच माणूस लेकीच्या लग्नाचे कापड उधार मागायला येतो. पुढे १९७२ मध्ये सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा ते फार आनंदले होते. चुकारे लांबू लागले तशी त्यांची निराशाही मी पाहिली. कापसाची दोन्ही टोके पाहिलेला माणूस होता तो. सकाळी पऱ्हाटीत डवरणी करायची आणि दुपारी त्याच हातांनी मशीन चालवायचे.

खामगावहून परतताना त्यांनी एक जुने, पायाचे मशीन विकत आणले. त्या मशीनवर दोन बहिणींची लग्ने झाली, धाकटे काका अकोल्याला कॉलेजात शिकले, आणि मग आम्ही पाच जण. शिलाईचे दर तू ऐकशील तर तुझा विश्वास बसणार नाही. सणाच्या आधी, पोळ्याला आणि दिवाळीला, कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत काम चाले. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्यांचे पांढरे सदरे ते सगळ्या कामांच्या आधी शिवत, आणि त्यांची शिलाई वारीहून आल्यावर घेत. शाळा उघडायच्या दिवसांत खाकी चड्ड्या आणि पांढरे सदरे. त्यात शिवणीला दोन बोटे माया जास्त सोडत, म्हणजे पोरगे वाढले की उसवून मोठे करता येते. ते उसवून देण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. एक गणवेश दोन वर्षे आणि मग धाकट्या भावाला, असा हिशेब गावातल्या कितीतरी घरांचा बाबांच्या कात्रीवर चालला.

तू मापवह्या पाहिल्या आहेस का? लोखंडी पेटीत आहेत, वरच्या कागदाला वाळवी लागली आहे. एकेका घराचे एकेक पान. बापाचे माप, त्याखाली मुलाचे, काही पानांवर नातवाचेही. १९७२-७३ च्या दुष्काळात लोक लाल मिलो खाऊन राहिले त्या वर्षीची पाने मी काल पुन्हा पाहिली. छातीचे, कंबरेचे आकडे खोडून कमी केलेले आहेत. बाबांनी बाजूला काही लिहिलेले नाही. मापे घेतली, उतरवली, पान उलटले. गावावर काय गुजरले हे त्या पानांवर स्वच्छ वाचता येते.

स्वतःच्या कपड्यांच्या बाबतीत ते हौशी होते हेही लिहून ठेवते, नाहीतर आपण गेलेल्या माणसाला उगाच फाटक्या धोतरात उभे करतो. कोळशाची इस्त्री केलेला सदरा, ताठ कॉलर, खिशाला पेन. लग्नात गेले की आधी नवरदेवाच्या कोटाचा मुंढा पाहायचे. चांगला बसला असेल तर शिवणाऱ्याचे नाव विचारून घ्यायचे.

आता पाण्याचे सांगते, कारण या घराची खरी कहाणी तिथे आहे.

आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा. सोनाळा, टुनकीकडे पाणी गोडे, संत्र्याच्या बागा. दक्षिणेला पूर्णा, आणि तिच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. विहीर खोदली तर पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिले तर जमीन दगडासारखी होते. १९३० मध्ये अकोल्याकडच्या दहीहांड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो समुद्रापासून शेकडो मैल दूर, विहिरीच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढून. बाबा ही गोष्ट आम्हाला अभिमानाने सांगत. त्यांची आई मात्र म्हणायची, ज्या पाण्याचं मीठ व्हते तेच आपून पितो बापा.

गोड्या पाण्याच्या एका विहिरीवरून बाबा सायकलला दोन डबे अडकवून पिण्याचे पाणी आणत. मशीनवर बसण्याआधीचे ते पहिले काम. ऊन, पाऊस, ताप काहीही असो. तरी ते पाणी सगळ्यांना पुरायचे नाही. आधी लेकरे, मग आजी, मग पाहुणे, आणि आई स्वतः उरले तर पिणार, नाहीतर घरच्या विहिरीचे. आमच्या कोणाच्या ते लक्षात आले नाही. बाबांच्याही नाही. पुढे नळाची पाणीयोजना आली. नळाला पहिले पाणी आले त्या दिवशी बाबांनी ओंजळ भरून आईला दिली. तोवर उशीर झाला होता.

आईची किडनी गेल्याचे २००७ ला कळले. आपल्या पट्ट्यातल्या गावागावांत हा आजार आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत क्वचितच असे एखादे गाव असेल जिथे या दुखण्याने कोणी गेले नाही. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला न्यावे लागे. वरवट बकालवरून, खिरोड्याचा पूर्णेवरचा पूल ओलांडून शेगाव, आणि तिथून रेल्वे. बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. मी किंवा तुझे वडील बरोबर असलो तरी ते घरी थांबायचे नाहीत. आईचा हात धरून डब्यात बसायचे आणि तिच्याशी पीकपाण्याच्या गोष्टी बोलायचे.

मापवहीत आईचेही पान आहे. १९५७ पासूनचे, त्यांचे लग्न झाले त्या वर्षापासूनचे. २००७ नंतर त्या पानावर दर दोन-तीन महिन्यांनी बाहीचा घेर कमी होत गेला आहे. बाबा तिचे प्रत्येक पोलके उसवून पुन्हा शिवत होते. अंगावर ढगळ दिसायला नको, बाया विचारतात, असे ती म्हणायची. शेवटचा आकडा जानेवारी २००९ चा आहे. ती फेब्रुवारीत गेली. बाबांनी एवढ्या वर्षांत लोकांच्या लग्नाचे, मुंजीचे, शाळेचे शिवले. पण मला विचारशील तर त्यांच्या हातचे सगळ्यांत मोठे काम ते होते.

सगळे चांगलेच लिहीत बसले तर हे पत्रही पेपरातल्या मजकुरासारखे होईल. मी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि पुढे शिकू द्या म्हणाले. बाबांनी नाही म्हटले. कॉलेज गावात नव्हते, पाठीवर दोन बहिणी होत्या, आणि चांगले स्थळ आले होते. "पाह्य बेटा, मले दोघींचं अजून पाह्याचं हाये," एवढेच बोलले. त्यांची अडचण मला तेव्हाही समजत होती आणि आज जास्त समजते. पण त्याच घरात काकांना अकोल्याला शिकवायला पैसे निघाले होते. ही सल माझ्या मनातून गेलेली नाही आणि बाबा गेले म्हणून ती गेली असे मी लिहिणार नाही. त्यांनाही ती होती. धाकटीला त्यांनी डी.एड.पर्यंत शिकवले. आणि माझी लेक पदवीधर झाली तेव्हा तिच्या समारंभाचा ड्रेस त्यांनी पंच्याहत्तरीत स्वतः शिवला, दुसऱ्या कोणाला कापडाला हात लावू दिला नाही.

तयार कपड्यांची दुकाने आल्यावर शिलाई आटली. तेव्हा ते कापूस वेचणाऱ्या बायांच्या झोळ्या शिवू लागले, पोळ्याला बैलांच्या झुली. काम छोटे झाले म्हणून ते कधी कष्टी दिसले नाहीत. अक्षय तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीला मात्र पाय चालत होते तोवर गेले. शेतात घट करायचा, अठरा धान्ये गोल मांडायची, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचे भाकीत. भाकीत कधी खरे निघे, कधी नाही. बाबा म्हणायचे, आपल्यासारखे हजारो जण एका वावरात उभे राहून पावसाची वाट पाहतात, तिथे आपण असले पाहिजे. माणूस जिथे जमतो तिथे जायचे, हा त्यांचा धर्मच होता. कोणाकडे मयत झाली तर खांदा द्यायला, कोणाची सोयरीक असली तर साक्षीला, कोणाचा अर्ज लिहायचा असला तर तहसीलीत.

२२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत आपले वावर खरडून गेले. एकोणनव्वदाव्या वर्षी ते बांधावर जाऊन उभे राहिले. वरची काळी माती पूर्णेला गेली होती. आम्हाला वाटले आता हे खचतील. त्यांनी तुझ्या वडिलांना विचारले, गाळ कुठून मिळंल? दुसऱ्या उन्हाळ्यात गाळ टाकला. या वर्षी तिथे तूर उभी आहे.

तुझ्या वडिलांनी परवा ते वावर विकण्याचा विषय काढला. दुःखात असे बोलणे निघते, म्हणून मी वाद घातला नाही. तू मोठा नातू आहेस, तुझे ते ऐकतील. निदान तूर घरी येईपर्यंत थांबा म्हणावे. मापवह्या मी माझ्याकडे नेत आहे. पेटी रद्दीवाल्याला द्यायची नाही.

आणखी दोन कामे तुझ्यावर सोपवते. तुझ्या वडिलांचे लहानपण त्याच पाण्यावर गेले आहे, आणि माझेही. तेरवी झाली की अकोल्याला जाऊन आम्हा भावंडांची किडनीची रक्ततपासणी करून घे. तुझे वडील टाळाटाळ करतील, तू ऐकू नकोस. दुसरे तुझ्या बहिणीचे. तिचे एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष आहे, आणि इथे मयतीच्या गर्दीतसुद्धा दोघा पाहुण्यांनी तिच्यासाठी स्थळ सुचवले. तिची परीक्षा होऊन तिला पुढे काय करायचे आहे ते ती स्वतः सांगेपर्यंत घरात लग्नाचा विषय निघू देऊ नकोस. मी इकडे सांगतेच आहे, तूही वडिलांना स्पष्ट सांग.

तुझी,
आत्या