मिटवू नकोस

चि. मन्यास,


तुझी मेल काल रात्री वाचली आणि मग डोळ्याला डोळा लागला नाही. सुरुवात वाचून ऊर भरून आला. कॉलेजात हिंसाविरोधी गटाचा स्वयंसेवक झालास, पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे उभा राहून बोलतोस. आपल्या घरातला मुलगा हे करतो, याचं मोल मला काय आहे ते तुला ठाऊक आहे. आपली सुलू असती तर पेढे वाटले असते तिने.

पण पुढे ते कॅन्टीनचं. त्या मुलीला आणि त्या मुलाला समोरासमोर बसवलंस, त्याने सॉरी म्हटलं, हात मिळवले, प्रकरण मिटलं. आणि मग तुझं ते वाक्य : ‘ती फार बोलली नाही, पण शेवटी हो म्हणाली.’ मन्या, हात आधी कुणी पुढे केला? तिने चहा घेतला का? खुर्ची मागे सरकवून बसली होती का? तू हे पाहिलंस का? जो मुलगा रोज संध्याकाळी तिच्या होस्टेलच्या फाटकाशी उभा राहून तिचं येणं-जाणं नकोसं करत होता, त्याच्यापुढे टेबलभर अंतरावर तिला तू स्वतः नेऊन बसवलंस. वर मध्ये बसलास ते दोघांचा मित्र म्हणून. तिथे तिने ‘नाही’ म्हणायचं ते कुणाच्या जोरावर?

तुझा हेतू चांगला होता, हे मला सांगू नकोस, ते मला माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची नियमावली काढून वाच. समेटाची वाट तिच्यात आहे, पण तक्रारदार बाईने स्वतः समेट मागितला तरच, आणि त्यात पैशांची तडजोड चालत नाही. अंतर्गत तक्रार समितीलासुद्धा आपल्या मनाने समेट घडवता येत नाही, मग तुला कसा येईल? शिवाय घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. प्रकार चालूच राहिला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि सबळ कारण असलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तू ‘मिटलं’ म्हणालास, तिनेही ते मान्य केलं, आणि तिकडे दिवस सरताहेत. तिने नकार दिल्यावरही माग काढत राहणं हा २०१३ पासून गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८. यातलं काय करायचं ते ती ठरवेल. काहीच करायचं नाही, असंही ठरवेल. पण तिला हे ठाऊक तरी हवं!

मिटवामिटवीचा मला संताप का येतो ते तुला मी सांगायला नको. सुलूचं प्रकरण मिटवायला माजघरात बसलेली ती माणसं, तुझे आजोबाही त्यात होते, एकही वाईट नव्हता. सगळ्यांना घर शांत हवं होतं. आपल्याकडे भांडण मिटवणाऱ्याला शहाणा म्हणतात. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम निघाली, गावांना बक्षिसं मिळाली. बांधाचा वाद गावातच सुटला, कोर्टाची पायरी वाचली, याला कोण नाही म्हणेल? पण बांधाला दोन बाजू असतात. बाईच्या अंगावर टाकलेल्या हाताला दुसरी बाजू कुठली? हे दोन्ही एकाच सतरंजीवर बसवून ‘थोडं तुझं, थोडं त्याचं’ करायला लागलो की जी आधीच कोपऱ्यात आहे तिलाच आणखी सरकावं लागतं. पंच नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याला समजून घेतो. माझं हे मत कधी बदलणार नाही.

तू मध्ये बसायचं नसतं रे, तिच्या बाजूला बसायचं असतं. मी रेक्टर असताना एक मुलगी रोज इस्त्री मागायला यायची. तिच्या हातात कपडा नसायचा. इस्त्री तापायची, ती दिव्याकडे बघत बसायची, मी हिशेबाची वही लिहीत राहायची. बऱ्याच दिवसांनी तिने वहीवर हात ठेवला आणि बोलायला लागली. ‘मी काय करू?’ असं तिने विचारलंच नाही. कुणीतरी ऐकून घ्यावं आणि लगेच उठून कुठे धावू नये, एवढंच तिला हवं होतं.

पथनाट्याला नाव सुचव म्हणालास. नाव नंतर बघू, आधी त्यातला तो प्रवेश काढ, ज्यात हिरो येऊन मुलीला सोडवतो. त्याऐवजी फाटकाशी त्या मुलाबरोबर उभे राहून हसणारे त्याचे दोस्त दाखव. तुझी गरज तिथे आहे. १९९१ मध्ये मुंबईत बायकोला मारहाण करणं ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांना बोलावणारी जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. त्यातून पुढे १९९३ मध्ये हरीश सदानी आणि सोबत्यांची ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. २००६ पासून ‘युवा मैत्री’ नावाने त्यांनी कॉलेजच्या मुलांना धरलं, कारण मुलांचं मुलं ऐकतात. ते दोस्त तुझं ऐकतील. माझं कशाला ऐकतील?

आणि हो, ती मुलगी पहिल्या वर्षाला ना? अठरा पूर्ण आहेत का? नसतील तर ‘कुणाला सांगणार नाही’ हा शब्द तुला देताच येत नाही. पोक्सो कायद्याने अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावी लागते. शब्द देऊन बसला असशील तर आजच तिच्याशी स्पष्ट बोल. तिला दुसरीकडून कळलं तर तुझ्यावरचा तिचा विश्वास जाईल.

तो मुलगा तुझ्याच मजल्यावर राहतो, हे तू शेवटी सहज लिहिलंस. मला ते अजिबात सहज वाटलं नाही. रात्री खोलीची कडी लावतोस ना? सबमिशन तोंडावर आहे, जेवणाची तुझी बोंब. हे सगळं एकट्याने वाहू नकोस, तुमच्या गटाच्या मॅडमना गाठ. समितीतल्या बाहेरच्या सदस्य कोण, त्यांचं नाव-नंबर नोटीस बोर्डावर आहे का, ते बघून मला कळव. आणि तिला एकटीला भेट, कॅन्टीनमध्ये नको. विचार की त्या दिवशी तिला खरंच हो म्हणायचं होतं का. ती काय म्हणाली ते मला सांगितलं नाहीस तरी चालेल. भेटलास एवढं मात्र कळव.

तुझी,
माईमावशी