छायाचित्रात डावीकडून

दादरच्या खोदादाद सर्कलला अजूनही कित्येकजण 'टी. टी.' म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मात्र दहांपैकी एखाद्यालाच सांगता येते. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली. नाव तेवढे थांब्यावर उभे आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला निघाली. "मी होतो तिथं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आलाय," असे आमचे अप्पा सांगत. आम्हां भावंडांना ते वाक्य पाठ होते. "दुसऱ्या दिवशी एक एप्रिल होती," एवढेच आई त्यावर म्हणे.

यंदा मेच्या सुट्टीत मनात आले, एकदा खरेखोटे करूनच टाकावे. दादरच्याच एका जुन्या ग्रंथालयात जाऊन त्या सालची फाइल मागवली.

जुन्या फायलींचे व्यसन वाईट. एका पानासाठी गेलो आणि तीन दुपारी तिथेच गेल्या. कागद पापडासारखा झालेला, उलटताना कडा हातात येतात. बातम्या मी वाचल्याच नाहीत. चित्रेच पाहत बसलो. फीत कापण्याचे चित्र दिवसाआड. हारांमुळे हनुवटी दिसत नाही अशी चार माणसे आणि खाली ओळ : 'छायाचित्रात डावीकडून महापौर, आयुक्त…' मागे मात्र एक पोरगा मान वाकडी करून कॅमेऱ्यात घुसलेला असतो. त्याचे नाव कोणी देत नाही. चित्र काढणाऱ्याचे तरी कुठे देत? होमाई व्यारावालांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात.

खेळाच्या पानावर गंमत अधिक. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळायची. चित्रात चेंडू शोधावा तर चिखल सापडतो. ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या प्रेक्षकांनी उन्हासाठी वर्तमानपत्राच्या टोप्या केलेल्या. म्हणजे कालचा अंक आजच्या अंकात छापून आला! त्याच १९६४ च्या जानेवारीत मुंबईच्या बापू नाडकर्णींनी मद्रासच्या कसोटीत लागोपाठ १३१ चेंडूंवर धाव दिली नाही. याचे छायाचित्र कसे काढणार? न निघालेली धाव कॅमेऱ्यात मावत नाही.

अखेर १ एप्रिलचा अंक उघडला. चित्र होते! दिव्यांनी उजळलेली ट्राम, दांड्यांना लोंबकळलेली माणसे, दोन्ही बाजूंना गर्दी. फूटबोर्डावर एक सतरा-अठरा वर्षांचा किडकिडीत मुलगा हसत होता. कपाळ आमच्या घराण्याचे. मी भिंग मागून घेतले.

तिथेच फसलो. त्या काळी फोटो बारीक जाळीतून पुन्हा टिपून त्याचे ठिपके करीत आणि जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक बनवीत. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदासाठी जाळीही जाडच लागे. भिंग जवळ नेले की नाक जाते, मग डोळे जातात, आणि उरतात काळे ठिपके. मोबाइलवर मोठे करून पाहिले, तेच. तरी मोठी प्रत छापून घरी नेली आणि विजयी मुद्रेने अप्पांपुढे ठेवली. "हे बघा, तुम्ही!"

अप्पांनी चष्मा काढला, कागद हातभर लांब धरला आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

"हा मी नव्हे," ते म्हणाले. "मी आत होतो. फोटो बाहेरून काढलाय. आतला माणूस कसा दिसेल?"

"मग इतकी वर्षं सांगत होतात ते?"

"मी होतो असं म्हणालो. फोटो आलाय असं म्हणालो. फोटोत मी आहे असं कधी म्हणालो?"

त्यांचे बोट फूटबोर्डावर नव्हतेच. ते फुटपाथच्या कडेला, अर्धा अंधारात असलेल्या एका उंच माणसावर टेकले होते.

"हा दादा."

अप्पांचा थोरला भाऊ. मी त्यांना पाहिले नाही. माझ्या जन्माआधी दहा वर्षे ते गेले. चाळीतल्या त्या खोलीत फोटो काढायची ऐपत नव्हती, म्हणून घरात त्यांची तसबीरही नाही. श्राद्धाला पाटावर नुसता नारळ ठेवीत.

"गाडीमागं धावताना याची एक वहाण रुळात गेली," अप्पा सांगू लागले. "म्हणून मागं राहिला, आणि मी पुढं आलो. टी. टी.ला तासभर वाट पाहिली. आला तो दुसरी हातात घेऊन, अनवाणी, हसत."

मी पुन्हा पाहिले. पायांच्या जागी शाई पसरली होती. वहाण काही दिसेना.

"दिसत नाही, अप्पा."

"तू फार जवळून बघतोस," ते म्हणाले, आणि कागद माझ्या हातातून काढून घेऊन पुन्हा लांब धरला.