शाळा सोडण्याचे कारण

आमच्या घरात रात्री एकच चिमणी जळायची. रॉकेल रेशनवर, तेही मोजून मिळायचं. त्या उजेडात जेमतेम दोन माणसं मावायची आणि त्यातली एक जागा माझी ठरलेली होती. तिथे बसून मी पाढे म्हणायचो. अक्का चुलीपुढे भाकरी थापत असायची. तिला जाळाचा उजेड होता. निराळा दिवा कशाला हवा, असं सगळ्यांनाच वाटायचं. मी तेराच्या पाढ्यात अडखळलो की परातीवरून आवाज यायचा, "एक्क्याण्णव!" थापेचा ताल मात्र चुकायचा नाही.

कर्जत तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना, आणि मधल्या माळाला आभाळाकडे बघायची सवय. १९७२ साली आभाळाने पाठ फिरवली. पेर वाया गेली. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. घरात तांबडी मिलो आली, कामावरची सुकडी आली. थोरला दादा जनावरांमागे छावणीवर गेला. पाठचं भावंड अजून रांगत होतं. अक्का तेव्हा चौथीत होती, मी दुसरीत.

तिला शाळा सोड असं कुणीच म्हटलं नाही. आई एवढंच म्हणाली, "दोन दिस ऱ्हा घरी, बारक्याला बघ." ते दोन दिवस पुढे कधी संपलेच नाहीत.

अक्काची पाटी माझ्याकडे आली. तिच्या लाकडी चौकटीवर खिळ्याने कोरलेलं तिचं नाव होतं. ते मी घासून पुसायचा प्रयत्न केला होता, हे अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

बापाला मी कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. एकाला शिकवण्यापुरतंच घरात बळ होतं. पण तो एक मीच का, हे कोडं मला पुष्कळ वर्षं सुटलं नाही. मी हुशार म्हणून, असं मी धरून चाललो होतो. गावानेही तेच म्हटलं. खरं म्हणजे हुशारी कुणी पाहिलीच नव्हती. पाहिली असती तर अक्काच पुढे गेली असती. पाहिलं गेलं ते काम. दादाच्या हातात कासरा होता, अक्काच्या कडेवर मूल होतं. माझ्या हातून यातलं एकही काम होत नव्हतं. घराला माझी गरज सगळ्यांत कमी होती, म्हणून मला शाळा मिळाली. घरं कर्त्या लेकरांकडून काढून घेतात आणि रिकाम्या हाताच्या लेकराला देतात. शेलकं तेवढं मुलग्याला, हा आमच्याकडचा नियम आहेच. पण त्या नियमाखाली थोरला मुलगाही दबतो, हे मी दादाच्या पाठीवर पाहिलं.

मी पुढे कर्जतला रयत शिक्षण संस्थेच्या दादा पाटील महाविद्यालयात शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट सरांनी वर्गात सांगितली, तेव्हा पोरं गप्प झाली. माझ्या डोळ्यांपुढे परात आली. अक्काचं लग्न त्याआधीच होऊन गेलं होतं. ज्या वर्षी तिची सासरी पाठवणी झाली, त्याच वर्षी मला पहिली फुलपँट शिवली होती.

२००५ साली कायदा बदलला: वडिलोपार्जित जमिनीत लग्न झालेल्या मुलीचाही हिस्सा. आमची वाटणी त्यानंतरची. तरीही तालुक्याच्या गावी जाऊन अक्काने हक्कसोडपत्र करून दिलं. माहेर तुटू नये म्हणून बहिणी देतात, तसंच. सही करण्यापूर्वी तिने तो कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत. मागे माणसं खोळंबली होती. दादा म्हणाला, "अक्के, कर की सही." ती म्हणाली, "वाचू दे. वाचता येतंय मला." शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिने सही केली. मी शेजारी उभा होतो. नको करूस, असं मी म्हणालो नाही.

आता मुली एसटीच्या मोफत पासावर शाळेला जातात. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांतल्या मुलींना २०२४पासून माफ आहे. हे सारं मोलाचं आहे. पण सकाळी आमच्या फाट्यावर उभं राहा. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत मुलगा चढतो आणि त्याचीच बहीण वाडीच्या शाळेकडे चालत जाते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर बघा. भांड्याकुंड्यांच्या वर, तान्ह्याला मांडीवर घेऊन दहा-बारा वर्षांची पोरगी बसलेली असते. तिचा भाऊ आजीपाशी गावात राहिलेला असतो, शाळा बुडू नये म्हणून.

मध्यंतरी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी मी वाडीच्या शाळेत गेलो. गुरुजींनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर ठसठशीत. माझ्या नावाच्या दोन पानं आधी अक्काचं नाव सापडलं. मी बोट धरून आडवी ओळ वाचत गेलो. जात, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती: चांगली. शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. माझ्यापुढे लिहिलं आहे, 'पुढील शिक्षणासाठी'. अक्कापुढे लिहिलं आहे, 'सतत गैरहजर'.